निळ्या होडीसमोरचं गेट

रेणुका ऑफिसला निघून गेली, लिफ्टचं दार मिटल्याचा आवाज आला आणि आवडाबाईंनी पदर खोचला.

"आवं, उठा. समुद्र बगून येऊ."

बद्रीनाथ सोफ्यावर पेपर वाचत होते. पेपर कालचा होता, पण आजचा म्हणून त्यांनी तो अर्धा संपवला होता.

"रेणू काय म्हनली? शनिवारी ती नेणार हाय. एकटं खाली जायचं न्हाई."

"एकटं कुठं? दोघं हाओत की."

या हिशेबात बद्रीनाथांना चूक सापडेना. ते उठले.

जावई कंपनीच्या कामासाठी दोन महिने बंगळुरूला गेला होता, म्हणून रेणुकेनं आईवडिलांना करमाडहून वर्सोव्याला बोलावून घेतलं होतं. येऊन आठवडा झाला होता. स्वयंपाकाला बाई, भांड्याला बाई, फरशीला तिसरी बाई. आवडाबाई ओट्यापाशी गेल्या की रेणुका म्हणायची, "आई, तू आराम कर." आराम करून करून आवडाबाईंचं अंग दुखायला लागलं होतं. संध्याकाळी लेक त्यांना इमारतीखालच्या पार्किंगमध्ये गाडीत बसवायची, एखाद्या मॉलच्या पार्किंगमध्ये उतरवायची आणि रात्री परत घरच्या पार्किंगमध्ये आणायची. मुंबई कशी आहे असं गावात कुणी विचारलं असतं, तर खांब लई हायेत, एवढंच त्यांना सांगता आलं असतं. समुद्र म्हणावा तर खिडकीतून, दोन बिल्डिंगींच्या फटीत, साडीच्या काठाएवढा दिसायचा.

"मोबाईल?" दार ओढून घेताना आवडाबाईंनी विचारलं.

"चार्जिंगला हाय. हितल्या हितं तर जायचंय. आन् मी काय नवखा हाय का? तीस वर्षं एस.टी. हाणली."

हे खरं होतं. बद्रीनाथांनी तीस वर्षं संभाजीनगर-फर्दापूर गाडी चालवली होती. अजिंठ्याच्या घाटातलं वळण न वळण त्यांना पाठ होतं. ड्रायव्हरनं वाट विचारायची नसते, असा त्यांचा बाणा होता. तीस वर्षांत तशी वेळ कधी आली नव्हती, कारण रस्ता एकच होता.

लिफ्ट पार्किंगमध्ये उतरली. खांबांमधून वाट काढत दोघं मागच्या बाजूला गेली. तिथं भिंतीत एक लहानसं लोखंडी दार उघडं होतं. त्यातून बोळ, बोळातून चार पायऱ्या, आणि पायऱ्यांखाली वाळू.

बद्रीनाथ थांबले. त्यांनी वळून नीट पाहिलं.

"खूण ध्यानात ठेव. हिरवं गेट. गेटासमोर निळी होडी. आता कुठंबी गेलो तरी चुकायचं नाव न्हाई."

आवडाबाईंचं होडीकडं लक्ष नव्हतं. पैठणला त्यांनी नाथसागर पाहिला होता. त्यालाही लोक सागरच म्हणत. पण त्याला पलीकडचा काठ होता. याला पलीकडं काहीच नव्हतं. पाणी संपायचं तिथं आभाळ सुरू होत होतं आणि मध्ये कुणी बांध घातलेला नव्हता. त्यांचे पाय आपोआप पाण्याकडे वळले. पण ओहोटी होती, पाणी लांब गेलं होतं.

"आधी ह्या बिल्डिंगींच्या लाईनच्या शेवटापर्यंत जाऊन येऊ," बद्रीनाथ म्हणाले. "पाय येताना बुडव."

लाईनच्या शेवटी कोळीवाडा निघाला. बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत होते, जाळी पसरली होती, आणि वास असा होता की बद्रीनाथांनी रुमाल काढून नाकाला लावला. जाळं शिवत बसलेल्या एका कोळणीनं ते पाहिलं.

"काय बाबा, नाकाला काय झाला?"

"काय न्हाई. सर्दी."

"करमाडच्या बाजारात बोंबील येतो, तो हितनंच येतो का वो ताई?" आवडाबाईंनी विचारलं.

"सगलीकडं जातो. तुमचा गाव कुठला?"

दोघींचं जमलं. आवडाबाईंनी मांडवाखालून एक फेरी मारली, बोंबील कसा निवडायचा ते विचारून घेतलं आणि परत येऊन नवऱ्याला म्हणाल्या, "रुमाल काढा. जन्मभर जी चटणी मागून मागून खाल्ली, ती हीच."

बद्रीनाथांनी रुमाल काढला नाही. पण तिथून लवकर निघावं म्हणून त्यांनी आल्या वाटेनं न परतता कोळीवाड्याच्या दुसऱ्या अंगानं रस्ता धरला. "हा आतून शॉर्टकट हाय," ते म्हणाले. कोळीवाड्यातली गल्ली उजवीकडं वळली, मग डावीकडं, मग एका घराच्या ओसरीवरून गेली आणि शेवटी एका मोठ्या रस्त्याला लागली. रस्त्यावर रिक्षा होत्या, कुत्री फिरवणारी माणसं होती, आणि दोन्ही बाजूंना उंचच्या उंच बिल्डिंगी होत्या. समुद्र कुठंच नव्हता.

"आता?" आवडाबाई म्हणाल्या.

"आता काय? सरळ घरी. आपल्या बिल्डिंगीचं नाव काय?"

आवडाबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. नवऱ्यानं त्यांच्याकडं पाहिलं.

"सी कायतरी हाय," बद्रीनाथ म्हणाले. "रेणू फोनवर सांगत आसती. सी... सीताफळावानी कायतरी."

ती दोघं चालायला लागली. पहिली बिल्डिंग सी पर्ल होती. दुसरी सी क्वीन. समोरच्या बाजूला सी ब्रीझ, तिच्या शेजारी न्यू सी ब्रीझ, आणि कोपऱ्यावर एक नुसतीच सी साईड. बद्रीनाथ प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचत होते आणि प्रत्येक वेळी त्यांचा आवाज थोडा खाली येत होता.

"समद्या एकाच भावकीतल्या दिसत्यात," आवडाबाई म्हणाल्या.

तिसऱ्या गेटावर त्यांनीच वॉचमनला विचारलं. बद्रीनाथ जरा लांब, पाठ करून उभे राहिले. विचारताना आपण हजर नव्हतो, असं त्यांना दाखवायचं होतं.

"फ्लॅट नंबर?" वॉचमन म्हणाला.

"नंबर मालूम नही. दरवाजे को तोरण है."

"माताजी, यहाँ सबके दरवाजे पे तोरण है. नाम बोलो."

"रेणुका," आवडाबाई म्हणाल्या. एवढ्यानं भागेना, तेव्हा बद्रीनाथांनी लांबूनच जोड दिली, "रेणुका बद्रीनाथ!" त्यांनी लेकीचं माहेरचं नाव सांगितलं होतं. सासरचं सांगितलं असतं तरी उपयोग नव्हता. फ्लॅट भाड्याचा होता. वॉचमननं वही उघडली, मिटली आणि पुढच्या गेटाकडं बोट दाखवलं.

पुढच्या गेटावर तेच झालं. त्याच्या पुढच्या गेटावर वॉचमन जेवत होता, त्यानं न बोलता मान हलवली. ऊन डोक्यावर आलं. एका हातगाडीवर दोघांनी केळी खाल्ली. आवडाबाईंनी कमरेची पिशवी चाचपली. रेणुकेनं दिलेली किल्ली तिच्यात शाबूत होती.

"किल्ली हाय," त्या म्हणाल्या. "घर तेवढं न्हाई."

बद्रीनाथांना हा टोमणा वाटला. तो तसाच होता. "चूक कुठं झाली माहिताय का?" ते म्हणाले. "आपण रस्त्याकडनं शोधतोय. आपली खूण पाण्याकडनं हाय. चल वाळूत. निळी होडी दिसली की समोर गेट."

विचार बिनतोड होता. एका सार्वजनिक बोळातून ती दोघं पुन्हा वाळूत उतरली. पण मधल्या वेळात समुद्र वर आला होता. सकाळी जिथून ती चालत गेली होती तिथं आता लाटा येत होत्या. भिंतीत थोड्या थोड्या अंतरावर लोखंडी दारं होती, सगळी हिरवी. आणि निळी होडी कुठंही नव्हती.

बद्रीनाथ कमरेवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. मग त्यांना लांब, पाण्याच्या मध्यभागी, एक निळा ठिपका दिसला.

"ती बग," ते खचून म्हणाले. "कामावर गेली."

"कोण?"

"होडी! आपल्याकडं खूण म्हंजे खूण. चिंच हाय तर चिंचच हाय, पन्नास वर्षं जागची हलत न्हाई. हितं खूणच उठून जाती!"

पाणी आता अगदी जवळ आलं होतं. आवडाबाईंनी चपला हातात घेतल्या, लुगडं जरा वर धरलं आणि त्या सरळ पाण्यात जाऊन उभ्या राहिल्या. लाट आली, घोट्यांभोवती फिरली आणि जाताना पायाखालची वाळू ओढून घेऊन गेली. आवडाबाई लहान पोरीसारख्या हसल्या. पुढच्या लाटेची वाट बघू लागल्या.

"आगं, बाहेर ये! घर सापडंना आन् तू खेळती काय!"

"याऊ द्या की अजून एक."

एक आली. मग आणखी एक. शहाळी विकणारा एक माणूस बाजूला उभा राहून मजा बघत होता. बद्रीनाथांचा चेहरा बघून त्यानं आपला मोबाईल पुढं केला.

"किसको लगाना है तो लगाओ, चाचा."

आता नंबर. लेकीचा नंबर फोनमध्ये होता आणि फोन चार्जिंगला होता. जगातला एकच मोबाईल नंबर बद्रीनाथांना तोंडपाठ होता. करमाडच्या स्टँडासमोरच्या भिंतीवर तो रंगवलेला होता आणि ड्युटीवर जाताना गाडीची वाट बघत बसल्या बसल्या त्यांनी तो वर्षानुवर्षं वाचला होता. जब्बार टायरवाला, पंक्चर काढून मिळेल. जब्बार त्यांचा बालमित्र होता. बद्रीनाथांनी नंबर लावला.

"हॅलो! जब्बार? मी बद्री बोलतोय! मुंबईहून!"

"अरे बद्रीभाऊ! ये किसका नंबर है? जोर से बोल, हवा का आवाज आता!"

"समुद्रावर हाय! रेणूला फोन लाव! आमच्या भावाकडनं नंबर घे!"

"कायकू? क्या हुआ? भाबी कां है?"

बद्रीनाथांनी पाण्याकडं पाहिलं. आवडाबाई आणखी दोन पावलं आत गेल्या होत्या. दिवसभराचा सगळा वैताग त्यांनी फोनवर काढला.

"आवडा गेली समुद्रात! मी वरडतोय, पर परत यायचं नाव न्हाई!"

"क्या?" जब्बार ओरडला. "या अल्ला! बद्रीभाऊ—"

शहाळेवाल्याचा फोन बंद पडला. त्यानं तो हलवला, पुसला, आणि बॅटरी गेली म्हणून खिशात टाकला.

"काम झालं," बद्रीनाथ समाधानानं म्हणाले. "जब्बार मानूस पक्का हाय. आता रेणूला कळतंय."

रेणूला कळलं तरी ती कुठं येणार, हे मात्र दोघांच्याही ध्यानात आलं नाही. काही वेळ त्यांनी वाळूत बसून वाट पाहिली. मग आवडाबाईंना तहान लागली, शहाळेवाला गाडी घेऊन निघून गेला होता, म्हणून ती पुन्हा रस्त्यावर आली आणि एका मोठ्या गेटासमोर थांबली. आत पांढरी शुभ्र बिल्डिंग होती, दारात कारंजं उडत होतं.

"ही आपली नव्हं," बद्रीनाथ ठामपणे म्हणाले. "आपल्यात कारंजं न्हाई."

"नसू द्या. पाणी तर दील."

इथला वॉचमन निराळा निघाला. त्यानं आवडाबाईंचं लुगडं पाहिलं, हातातल्या चपला पाहिल्या, बद्रीनाथांचं धोतर पाहिलं आणि हसून गेट उघडलं.

"गाँव से आए हो ना? पती-पत्नी? खाना बनानेवाली माताजी?"

"व्हय," आवडाबाई म्हणाल्या. खाना तर त्यांनी जन्मभर बनवला होता.

"और आप ड्रायव्हर?"

बद्रीनाथांची छाती एकदम भरली. "हां! ड्रायव्हर! पूरा तीस साल! एक ॲक्सिडेंट नही!"

"जाओ, जाओ. बी विंग, सातवाँ माला. मॅडम सुबह से राह देख रही है."

लिफ्टमध्ये बद्रीनाथ विजयी मुद्रेनं म्हणाले, "बगितलं? जब्बारचा फोन पोचला. रेणूनं गेटावर सांगून ठेवलंय बापाचं वर्णन."

दार उघडलं ते रेणुकेनं नाही. पन्नाशीच्या एका ठसठशीत बाईंनी उघडलं. त्यांच्या कानाला फोन होता आणि तो पुढं बराच वेळ तिथंच राहिला.

"आलात एकदाच्या! एजन्सीवाल्यानं बारा वाजता सांगितलं होतं. हो वन्सं, तुम्हाला नाही, बाई आल्यात नवीन. चपला बाहेर ठेवा. हो हो, जोडपं आहे, मराठवाड्यातलं. किचन इकडे, मावशी."

"बाई, आमची लेक हाय ना—"

"लेकीकडे महिन्यातून दोनदा जाता येईल. आधी काम दाखवा. रात्री नणंद जेवायला येतेय नाशिकहून, तिला मी भाकरी आणि भरलं वांगं कबूल केलंय. नाही हो वन्सं, मी कशाला ओरडेन त्यांच्यावर!"

या पाठारेबाई. सोसायटीच्या सेक्रेटरी. त्यांची जुनी स्वयंपाकीण परवा न सांगता निघून गेली होती.

बद्रीनाथ लाल झाले. "आवडे, सांगू का ह्यांना मी कोण हाय?"

"सांगा. पर आधी पाणी प्या."

स्वयंपाकघरात पाणी होतं. पाण्याशेजारी ओटा होता, ओट्यावर जांभळी कोवळी वांगी होती, ज्वारीचं पीठ होतं, लोखंडी तवा होता. आवडाबाई पाणी प्यायल्या आणि तव्याकडं बघत राहिल्या. आठवडाभर त्यांच्या हाताला पीठ लागलं नव्हतं. बाहेर पाठारेबाईंचा फोन चालूच होता. तो संपल्याशिवाय आपलं काही ऐकून घेतलं जाणार नाही. तोवर नुसतं बसून तरी काय करायचं? शिवाय पोटात केळ्याशिवाय काही नव्हतं, आणि धन्याच्याही नव्हतं. त्यांनी बांगड्या मागं सारल्या आणि वांग्यांना चार चार चिरा दिल्या.

"तिखट कमी हं, मावशी!" बाहेरून आवाज आला.

"व्हय," आवडाबाई म्हणाल्या आणि आपल्या मापानं तिखट टाकलं.

थोड्या वेळानं पाठारेबाई गाडीची किल्ली घेऊन बद्रीनाथांसमोर उभ्या राहिल्या. "काका, गाडी जरा फिरवून आणा. बरेच दिवस बंद आहे."

"कोणती गाडी हाय?"

"लहानशीच आहे. चार सीटची."

बद्रीनाथांनी किल्लीला हात लावला नाही. "बावन्न सीटच्या खाली आपण बसत न्हाई," ते म्हणाले. पाठारेबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात आतून भाकरी भाजल्याचा वास आला आणि त्या बोलायचं विसरल्या.

बेल वाजली तेव्हा अंधारून आलं होतं. पाठारेबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून भाकरीचा तुकडा भरल्या वांग्याच्या रश्शात बुडवत होत्या. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण त्या थांबत नव्हत्या.

"मावशी, दार उघडा ना. वन्सं आल्या असतील."

हात पिठाचे होते, म्हणून आवडाबाईंनी कोपरानंच दार उघडलं. बाहेर रेणुका होती. केस सुटलेले, डोळे सुजलेले. खाली बघतच ती घाईघाईनं बोलू लागली.

"मॅडम, प्लीज, मला गेटवरचा कॅमेरा बघायचाय. माझी आई सकाळी—"

तिनं वर पाहिलं.

"आलीस व्हय?" आवडाबाई म्हणाल्या. "बरं झालं. हात धू, भाकरी गरम हाय."

रेणुका तिथंच उंबऱ्यावर बसली आणि हमसून हमसून रडायला लागली. रडता रडता जे कळलं ते असं, की दुपारी करमाडहून काकांचा फोन आला, आई समुद्रात गेली म्हणून. ऑफिसातून ती तशीच निघाली, किनारा पालथा घातला, चौकीत गेली, घरी मोबाईल नुसता वाजत होता.

"समुद्रात गेले व्हते की," आवडाबाई म्हणाल्या. "घोट्यापर्यंत."

पाठारेबाईंच्या हातातली भाकरी तशीच राहिली. आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच त्यांनी फोन स्वतःहून बंद केला. "रेणुका... ह्या तुझ्या आई? आपल्या ए विंगमधल्या रेणुकेच्या?"

"ए विंग?" बद्रीनाथ उभे राहिले. "म्हंजे ही आपलीच बिल्डिंग हाय?"

ती होतीच; आठवडाभर पार्किंगमधूनच ये-जा केल्यानं कारंज्याचं पुढचं गेट दोघांनी कधी पाहिलंच नव्हतं. तेवढ्यात रेणुकेचा फोन वाजला. तिनं तो स्पीकरवर टाकला. गाडीचा घर्र आवाज, वारा, आणि बरीच माणसं एकदम बोलत होती.

"रेणू बेटा, मै जब्बार चाचा! रोना नको! हम सब निकले! समृद्धी पे गाडी डाली सो सीदा भिवंडी के आगे आ गए! तेरे काका है, काकी है, पूरी गल्ली है! बद्रीभाऊ को संभाल, उसकू अकेला छोडू नको!"

"जब्बारभाऊ, मी बोलतेय," आवडाबाई म्हणाल्या.

"भाबी?" जब्बार हळूच म्हणाला.

"व्हय. दुपारधरनं कुणी काय खाल्लं का?"

"कैसा खाएंगे, भाबी? तुम्ही तर..." मागून कुणीतरी बाई मोठ्यानं रडायला लागली, मग हसायला लागली.

"मंग हळू या. जेवायला हितंच. किती जण हायेत?"

"अकरा. आनि डायवर."

फोन ठेवून आवडाबाई वळल्या. रेणुका उंबऱ्यावर होती, बद्रीनाथ सोफ्यावर डोकं धरून बसले होते. पाठारेबाई मधोमध उभ्या होत्या. माफी कुठून सुरू करावी ते त्यांना सुचत नव्हतं.

"मावशी... म्हणजे आई... माझी फार मोठी चूक झाली. मी तुम्हाला—"

"त्याचं ऱ्हाऊ द्या. पीठ अजून हाय का घरात?"

"आहे. डबा भरून आहे."

"भाकरी थापता येती?"

"नाही हो."

"कांदे तरी चिरता येत्यात का?"

पाठारेबाईंनी मान डोलावली.

"मंग चिरा. रेणू, ऊठ, तू परात घे." आवडाबाईंनी तवा पुन्हा गॅसवर ठेवला आणि आच वाढवली. "आन् नणंदबाई आल्या की लसूण त्यांच्याकडं द्या."